लघुचित्रांतील निसर्गाची साक्ष

रायपूरच्या पंडरी भागातील छत्तीसगढ हाटात बस्तरच्या कारागिरांनी घडविलेले ढोकरा धातूचे हत्ती व हरणे पाहावयास मिळतात. जिवंत चित्ता मात्र याच राज्यातील कोरियाच्या जंगलातून १९४७ साली नाहीसा झाला. तेथे एका रात्रीत तीन चित्ते मारले गेले. पुढे १९५२ मध्ये ही जात देशातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. त्याचे रूप टिकले ते लघुचित्रांत. सोळाव्या शतकातील ‘अकबरनामा’च्या चित्रांत पाळीव चित्ते काळविटांवर झेपावताना दिसतात. शिकारीच्या गौरवासाठी काढलेली चित्रेच आज त्या वन्यजीवांचा पुरावा ठरावीत, हा दैवदुर्विलासच होय.

जहांगीरच्या दरबारातील उस्ताद मन्सूरची दृष्टी निराळी होती. त्याने पशुपक्ष्यांना शिकारीच्या गर्दीतून वेगळे काढून एकेकटे रंगविले. खारीच्या केसांच्या कुंचल्याने पीस न् पीस उतरविणारी ही कला सावकाश, जवळून पाहावी लागते. कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयातील त्याचा सायबेरियन क्रौंच असाच निरखावा. भरतपूरला हा पाहुणा २००२ नंतर आलेला नाही. चित्ते २०२२ मध्ये आफ्रिकेतून कुनोत आणले गेले. क्रौंचाचे उरलेले थवे मुख्यतः चीनमधील पोयांग सरोवरावर हिवाळा काढतात.