परक्या यादवींत आपली तलवार

शेजारच्या घरांत भाऊबंदकी पेटली असतां निरपराधांचे हाल पाहून स्वस्थ बसावें, असें कोणीही सहृदय मनुष्य म्हणणार नाहीं. परंतु मध्यस्थी निराळी आणि तलवार निराळी. २९ जुलै १९८७ रोजीं राजीव गांधी व जयवर्धने यांनीं करार केला आणि श्रीलंकेंतील यादवी शमविण्यास भारतीय शांतिसेना तेथें गेली. पण ज्यांच्या हातीं शस्त्रें होतीं, त्या तमिळ वाघांची करारावर सहीच नव्हती! ऑक्टोबरांत त्यांच्याशींच जाफन्यांत लढाई जुंपली. रक्षणार्थ गेलेल्या सेनेच्या गोळ्यांनीं रहिवासीही मेले. सिंहली लोकांसही परकी फौज नकोशी झाली. मार्च १९९० मध्यें सेना परतली, तोंवर आपले सुमारें १,२०० जवान कामीं आले होते. यादवी मात्र २००९ पर्यंत चाललीच. एका पक्षाच्या सहीवांचून केलेला सौदा आमचे व्यापारी पक्का मानीत नाहींत. मग राष्ट्रानें तो कां मानावा? अन्न, औषध, आश्रय अवश्य द्यावा. परंतु लढणाऱ्या सर्वांच्या संमतीवांचून सैन्य धाडणें म्हणजे यादवी मिटविणें नव्हे, तींत तिसरा पक्ष उभा करणें होय.