टेलिफोनवर ऐकूं येतो तो आवाज कोणाचा?

परदेशीं असलेल्या मुलाशीं टेलिफोनवर चार शब्द बोलणें झालें म्हणजे आई समाधानानें म्हणते, "आज त्याचा आवाज ऐकला." व्यवहारांत हें म्हणणें बरोबर आहे, शास्त्रदृष्ट्या मात्र तसें नाहीं. टेलिफोनमधून कोणाचाहि आवाज प्रवास करीत नाहीं. तसा करता, तर पुण्यांत उच्चारलेला शब्द मुंबईस पोंचावयास सुमारें सहा मिनिटें लागलीं असतीं. कारण हवेंत ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो, आणि ह्या दोन शहरांमधील सरळ रेषेचें अंतर सुमारें १२० किलोमीटर आहे. शिवाय इतक्या दूर तो ऐकूंहि आला नसता. मग आपण ऐकतों तें काय? हा प्रश्न आजच्या काळांत केवळ जिज्ञासेचा राहिलेला नाहीं, हें शेवटीं दिसून येईल.

आमच्या नैयायिकांनीं शब्दाविषयीं एक मार्मिक विचार मांडला आहे. भेरीवर दंड आपटला कीं पहिला शब्द उत्पन्न होतो. तो स्वतः श्रोत्याच्या कानापर्यंत येत नाहीं. आपल्यासारखाच दुसरा शब्द निर्माण करून तो लय पावतो, दुसरा तिसऱ्यास जन्म देतो, आणि पाण्यावरील लाटांप्रमाणें चाललेल्या ह्या परंपरेंतील अखेरचा शब्द कानांत शिरतो. हाच वीचीतरंगन्याय, आणि शब्दापासून जन्मलेल्या शब्दास त्यांनीं 'शब्दज शब्द' असें नांव दिलें. ते शब्दास आकाशाचा गुण मानीत, अर्वाचीन शास्त्र त्यास हवेचा कंप मानतें, हा भेद खरा. परंतु टेलिफोन समजण्यास हा दाखला फार उपयोगी आहे.

टेलिफोनचा जनक म्हणून ज्याचें नांव घेतात तो अलेक्झांडर ग्रॅहम बेल बहिऱ्या मुलांचा शिक्षक होता. त्याच्या आईस फार कमी ऐकूं येई, आणि पत्नीहि बहिरीच होती. त्याला ७ मार्च १८७६ रोजीं पेटंट मिळालें आणि तीनच दिवसांनीं त्यानें शेजारच्या खोलींतील वॉटसन ह्या सहायकास यंत्रावरून हांक मारली. तत्पूर्वीं जर्मनींत राइस, तसेंच इटालियन मेउच्ची आणि अमेरिकन ग्रे हेहि ह्याच वाटेनें चालले होते.

जुन्या यंत्राची रचना साधी होती. तोंडाजवळ एक पातळ पडदा असे. बोलतांना हवा हाले, तिच्याबरोबर पडदा थरथरे. त्याच्या मागें कोळशाचे कण भरलेले असत; ते दाबले गेले कीं विजेचा प्रवाह वाढे, सैल झाले कीं कमी होई. अशा रीतीनें आवाजांतील चढउतार प्रवाहांत उतरत. पलीकडे विद्युच्चुंबक त्या प्रवाहाप्रमाणें दुसरा पडदा कमीअधिक ओढी. तो हाले, हवा हाले, आणि नवा शब्द जन्मास येई. येथला शब्द येथेंच विरला; तारेंतून गेली ती केवळ त्याची आकृति!

पुढची अडचण तारांची. शंभर घरें परस्परांशीं जोडावयाचीं तर ४,९५० तारा लागतील. म्हणून प्रत्येक घराची तार एका मध्यवर्ती ठिकाणीं आणून तेथें हवी ती जोडी जुळविण्याची युक्ति निघाली. हेंच एक्स्चेंज. अमेरिकेंत न्यू हेवन येथें जानेवारी १८७८ मध्यें असें पहिलें व्यापारी एक्स्चेंज २१ ग्राहकांवर सुरू झालें. आपल्याकडे कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें १८८२ सालीं. जोडणी माणसाच्या हातानें होई. ही ऑपरेटर आपलीं गिऱ्हाइकें प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, असा संशय प्रेतसंस्कारांचा व्यवसाय करणाऱ्या अल्मन स्ट्रोजर ह्यास आला, अशी आख्यायिका आहे. तें कसेंहि असो, मधलें माणूसच काढून टाकणाऱ्या यंत्राचें पेटंट त्याला १८९१ सालीं मिळालें. भारतांत ग्राहकानें स्वतः अंक फिरवून परगांवीं बोलण्याची सोय १९६० सालीं कानपूर-लखनौ ह्या मार्गावर प्रथम झाली. तत्पूर्वीं ट्रंक-कॉल लावून ताटकळत बसावें लागे.

ह्यापुढील पायरी आंकड्यांची. आवाजाच्या लाटेची उंची सेकंदांत ८,००० वेळां मोजून तीं मापें शून्य व एक ह्या दोनच चिन्हांनीं धाडूं लागले. केसासारख्या कांचतंतूंतून प्रकाशाच्या रूपानें तीं सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर धांवतात. मोबाइलनें तर ह्याच्याहि पुढें मजल मारली. हातांतील यंत्रापासून मनोऱ्यापर्यंत रेडिओलहरी जातात, आणि त्या वाटेवर गर्दी फार. म्हणून बोलण्याचे सेकंदास साधारण पन्नास तुकडे करून प्रत्येकाचें केवळ वर्णन पाठवितात: कंठाचा कंप किती, मुखाच्या पोकळीचा आकार कसा. पलीकडील यंत्र त्यावरून आवाज नव्यानें घडवितें. पुरणपोळी न पाठवितां तिची कृति पाठवावी आणि पाहुण्याच्या घरीं ती तयार व्हावी, तसाच हा प्रकार!

येथेंच सावध होण्याची गोष्ट आहे. बोलणाऱ्याच्या वर्णनावरून जें यंत्र आवाज घडवितें, तें बोलणारा नसतांनाहि घडवूं शकेल. आज तसें घडतेंहि आहे. एखाद्याच्या बोलण्याचा थोडासा नमुना मिळाला कीं संगणक हुबेहूब त्याच्या स्वरांत वाटेल तें बोलूं शकतो. नातवाच्या आवाजांत "आजी, मी संकटांत आहें, ताबडतोब पैसे पाठव" अशी विनवणी करणारा दुसराच कोणी असूं शकतो. अशा वेळीं टेलिफोन खालीं ठेवावा, आपल्यापाशीं पूर्वींपासून असलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करावा, आणि चार घरच्यांना विचारावें. घरांतल्या घरांत एखादा खुणेचा शब्द ठरवून ठेवणेंहि चांगलें. पैसे गेलेच तर १९३० ह्या सरकारी क्रमांकावर विनाविलंब कळवावें.

आमचें तर्कशास्त्र शब्दास प्रमाण मानतें, पण तो आप्ताचा, म्हणजे यथार्थ बोलणाराचा, असेल तरच. आवाज ओळखीचा आहे एवढ्यावरून बोलणारा आप्त ठरत नाहीं. ही परीक्षा कोणतेंहि यंत्र आपल्यासाठीं करणार नाहीं. ती ज्याची त्यानेंच करावयाची आहे.