वैशाखातले 'बर्फ'

सह्याद्रीवर बर्फ पडत नाही, ही आमच्या घरातल्या बालगोपाळांची मोठीच तक्रार आहे. शेजारची मंडळी मे महिन्यात मनालीला जातात, तेरा हजार फुटांवरच्या रोहतांग खिंडीत उरलेसुरले बर्फ एकमेकांच्या अंगावर फेकतात, आणि फोटो मात्र आम्हाला पाहावे लागतात. आमच्या कन्येने यंदा स्पष्टच विचारले, "बाबा, आपल्या डोंगरावर उन्हाळ्यात काहीच का उरत नाही?"

प्रश्न बिनतोड होता. उत्तर मिळाले ते राजगडावर.

आमचा मुक्काम बहिणीकडे, पुणे-सातारा रस्त्यावरच्या वरवे बुद्रुकला होता. तिथून नसरापूर, मार्गासनी, साखर असे करीत पहाटेच गुंजवणे गाठले. प्रत्येकाच्या पाठीवर तीन बाटल्या पाणी, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. सौभाग्यवतींची सूचना एकच : "अहो, ऊन तापायच्या आत वर पोचायला हवं."

वैशाखातला तो डोंगर म्हणजे नुसता तवा! गवत वाळून पिवळे पडलेले, पायांखालची माती निसटणारी. करवंदांच्या जाळ्यांनी तेवढी वाटेत माया केली. शेवटचे कातळ रेलिंग धरून चढलो, चोरदरवाजातून वाकून आत शिरलो, आणि समोर पाहतो तो पद्मावती तलाव! पाणी खाली गेले होते खरे, पण होते. साडेचार हजार फूट उंचीच्या या गडावर, सात-आठ महिने पावसाचा टिपूस नसताना!

पद्मावतीच्या देवळाजवळच्या टाक्यातले पाणी तर इतके गार, की हात घालताच कन्या ओरडली, "बाबा, बर्फ!"

विचार केला तर पोर चुकली नव्हती. हिमालयात हिवाळ्याचे बर्फ शिखरांवर साठते आणि उन्हाळ्यात वितळून नद्यांना पुरते. सह्याद्रीला ते भाग्य नाही. चार महिने आभाळ फाटते, आणि बहुतेक पाणी उतारावरून धावत सुटते. म्हणून आमच्या पूर्वजांनी कातळच खोदला. घट्ट काळा दगड पाणी झिरपू देत नाही. टाके खोल आणि सावलीत असले, की ऊन आत पोचत नाही, वाफ कमी होते. पावसाची अशी ठेव त्यांनी दगडाच्या तिजोरीत ठेवली.

शिवाजीमहाराजांची राजधानी सुमारे पंचवीस वर्षे या गडावर होती. सईबाईसाहेबांची समाधी इथेच, १६७० साली राजाराममहाराजांचा जन्मही इथलाच. एवढा संसार चालायचा तो पाण्याच्या हिशेबावर. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ सालच्या आज्ञापत्रात हा हिशेब सापडतो : गड बांधण्याआधी पाणी पाहावे, ते नसेल आणि गड बांधणे भागच असेल, तर आधी खडक फोडून पुढच्या पावसापर्यंत पुरतील अशी टाकी-तळी करावीत, झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात.

आम्ही हे बोलत असतानाच चार तरणीबांड मुले कपडे काढून टाक्यात उतरू लागली. शेजारी ताक विकणाऱ्या मावशी ताडकन उठल्या. "पोरांनो, मृगाला अजून महिना हाय. तवर समद्यांनी ह्येच प्यायचं. न्हायचं असंल तर घरी जाऊन न्हा!"

मुले ओशाळली, मागे फिरली. त्यातल्या एकाने तर पाण्यावर तरंगणारी एक रिकामी बाटलीही काढली. मावशींनी त्याला ताक दिले, आणि पैसेही बिनचूक घेतले!

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून मान्य केले. त्यांत राजगड आहे. आता गर्दी वाढेल, आणि वाढावीही. पण वारसा म्हणजे केवळ तट आणि बुरूज नव्हेत. टाक्यातले ते गार पाणीही वारसाच. वाचकहो, उन्हाळ्यात जरूर जा. आपले पाणी आपण न्या, बाटल्या परत आणा, आणि टाक्यात पाय घालण्यापूर्वी मृग किती दिवसांवर आहे तेवढे मोजा.