शेगडी नसलेली खानावळ

बार्सिलोनाच्या पोब्ले-सेक वस्तीत, पोएता कबानियेस रस्त्यावरच्या २५ नंबरच्या दाराशी दुपारी माणसं जमायला लागली, की ‘किमेत इ किमेत’ उघडायची वेळ झाली असं समजावं. आत शिरलं की काही पावलांत समोरची भिंत येते. बसायला खुर्ची नाही. मोजकी उंच टेबलं, एक काउंटर आणि जमिनीपासून छतापर्यंत भिंती झाकून टाकणाऱ्या बाटल्या. त्यांच्याच सोबतीला माशांचे, शिंपल्यांचे डबे. स्वयंपाकघर शोधायला जाल तर सापडणार नाही, कारण ते नाहीच. १९१४ साली सुरू झालेलं हे दुकान आजही त्याच कुटुंबाकडे आहे, आणि स्पेनमधल्या ‘तापास’ची, म्हणजे पेयाबरोबर खायच्या चिमुकल्या पदार्थांची, गोष्ट निघाली की जाणकार याचं नाव हमखास घेतात.

जागा नाही, खुर्ची नाही, शेगडी नाही. या तीन ‘नाहीं’मधूनच इथली सगळी कला घडली आहे. ती कशी, हे समजून घ्यायचं तर आधी वस्ती पाहायला हवी.

पोब्ले-सेक मोन्जुइक टेकडीच्या पायथ्याशी आहे. १८५४ मध्ये बार्सिलोनाचा जुना तट पाडायला सुरुवात झाली आणि तटाबाहेरची ही मोकळी जमीन कष्टकऱ्यांच्या घरांनी भरत गेली. वस्तीच्या कडेनं जाणारा पाराल्लेल हा हमरस्ता नाटकं आणि गाण्याबजावण्याच्या थिएटरांसाठी प्रसिद्ध. त्याच रस्त्यावर वीजनिर्मिती केंद्राच्या तीन उंच चिमण्या अजून उभ्या आहेत. हे केंद्र ज्या कंपनीचं होतं, तिला लोक ‘ला कानादिएन्से’ म्हणत. १९१९ मध्ये तिथल्या कामगारांनी पुकारलेला संप ४४ दिवस चालला, शहर अंधारात गेलं आणि शेवटी स्पेनच्या सरकारला आठ तासांच्या कामाच्या दिवसाचा हुकूम काढावा लागला. किमेतचं दुकान तेव्हा पाच वर्षांचं होतं. कातालान, म्हणजे बार्सिलोनाच्या कातालोनिया प्रदेशातला, गायक जुआन मानुएल सेर्रात १९४३ मध्ये जन्मला तोही याच पोएता कबानियेस रस्त्यावर.

अशा वस्तीत ‘बोदेगा’ म्हणजे घराजवळचं वाइनचं दुकान. पिंपातली सुटी वाइन मोजून मिळायची, गिऱ्हाईक घरून रिकामी बाटली घेऊन यायचं. बाटली भरेपर्यंत काउंटरशी उभ्यानं एखादा पेला व्हायचा आणि पेल्यासोबत तोंडात टाकायला चार ऑलिव्ह, एखादी अँचोव्ही, म्हणजे खारवलेली चिमुकली मासळी. वाइनच्या दुकानात चूल कशाला असेल? म्हणून पेल्याबरोबर जे मिळायचं ते बरणीतलं, पिंपातलं किंवा डब्यातलं.

तापास ही मुळात दक्षिण स्पेनची, आंदालुसियाची ओळख. बार्सिलोनाची स्वतःची जुनी सवय वर्मूथची. सुट्टीच्या दिवशी जेवणाआधी मंडळी बोदेगात जमतात, वनौषधी घालून मुरवलेली ही कडू-गोड वाइन घेतात, वर सोड्याचा एक फवारा मारतात आणि मधोमध शिंपल्यांचा एखादा डबा उघडतात. कातालोनियातल्याच रेऊस शहरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वर्मूथचे कारखाने आहेत. पेल्यापाशी डबा आला तो या सवयीतून, आणि किमेतच्या घराण्यानं त्या डब्यालाच आपलं स्वयंपाकघर केलं.

इथे मराठी वाचक थोडा अडखळेल. आपल्याकडे कोकणात पावसाळ्याच्या बेगमीला सुकट, सोडे, सुके बोंबील भरून ठेवतात, पण पाहुणा आला की धाव ताज्या मासळीकडेच. स्पेनमध्ये उत्तम डबा हा पाहुण्यापुढे ठेवायचा जिन्नस आहे, आणि चांगला डबा ताज्या मासळीपेक्षा महागही असू शकतो.

त्यामागे मोठा उद्योग आहे आणि त्यात कातालान माणसाचा हात आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कातालोनियातले व्यापारी वायव्येकडच्या गॅलिसियाच्या किनाऱ्यावर गेले आणि सार्डिन मासे खारवण्याचे कारखाने काढून तिथेच स्थायिक झाले. अन्न हवाबंद करून उकळलं की टिकतं, हे फ्रान्सच्या निकोला आपेर यानं १८१० मध्ये जगापुढे मांडल्यावर पुढच्या काही दशकांत मिठाच्या जागी डबा आला. कातालोनियातून आलेल्या मासो कुटुंबानं तिथल्या बुएऊ गावात १८८३ मध्ये असाच कारखाना सुरू केला.

किमेतच्या काउंटरवर दिसणारे नारिंगी, फुगीर कालवासारखे शिंपले याच किनाऱ्याचे. रिया दे आरौसा या खाडीत ‘बातेआ’ नावाचे निलगिरीच्या लाकडाचे तराफे नांगरलेले असतात. एका तराफ्याला पाचशेपर्यंत दोर, दोराची लांबी जास्तीत जास्त बारा मीटर, आणि दोरांना लगडलेले शिंपले. ते वाफवून सोलतात, तेलात तळतात, आकारानुसार निवडतात आणि डब्यात एकेक करून हातानं लावतात. मग वरून व्हिनेगर, तेल, लाल मिरचीची पूड आणि तमालपत्राचा ‘एस्काबेचे’ ओततात. डब्यावर ‘८/१२’ असा आकडा असला, तर आत आठ ते बारा नग आहेत असं समजायचं. नग जितके कमी, तितका शिंपला मोठा आणि डबा महाग.

अँचोव्हीची कहाणी आणखी धीराची. उत्तरेतल्या सान्तोन्या बंदरात वसंत ऋतूत धरलेली अँचोव्ही मिठात दाबून निदान सहा महिने ठेवतात. मग बायका एकेक मासा हातात घेऊन त्याची कातडी खरवडतात, काटे काढतात आणि दोन्ही बाजू सोडवून तेलात मांडतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या सिसिलीच्या इटालियन कारागिरांनी ही पद्धत तिथे रुजवली. नाबार्रा प्रांतातल्या लोदोसाची ‘पिकियो’ ही लाल, टोकदार मिरचीही अशीच जपलेली. जाळावर भाजून ती हातानं सोलतात. पाण्यात मात्र धूत नाहीत, कारण धुराचा वास पाण्याबरोबर जातो.

म्हणजे किमेतमध्ये शेगडी नसली तरी विस्तवाचं काम झालेलं असतं, फक्त ते शेकडो किलोमीटर दूर, कित्येक महिने आधी. काउंटरमागच्या माणसाकडे उरतं ते निवडणं आणि जुळवणं. आचाऱ्याला फोडणी देऊन, रस्सा घालून कमअस्सल माल सावरता येतो. इथे ती सोय नाही. निवड चुकली तर घास चुकला.

ही जुळवणी ‘मोन्तादितो’मध्ये पाहावी. तळहातावर मावेल असा कुरकुरीत गोल पाव. तुम्ही सांगितल्यानंतरच तो हातात घेतला जातो. सर्वांत मागणी असलेल्या मोन्तादितोसाठी त्यावर घट्ट दह्याचा थर बसतो, दह्यावर सामन माशाचा पातळ, केशरी काप दुमडून येतो आणि शेवटी ट्रफल या रानटी कवकाचा वास असलेल्या मधाची बारीक धार. हे सगळं पापणी लवेपर्यंत. थांबून खायची सोय नाही, कारण दही पावात उतरलं की कुरकुरीतपणा गेला. दोन-तीन घासांत आंबट, खारट, गोड अशी चव सरकत जाते आणि ट्रफलचा वास मागे रेंगाळतो. त्याच पावावर शिंपले, गोडसर मुरवलेला टोमॅटो आणि काळ्या कॅविआरचा चमचा चढला, की चवीचा सूरच बदलतो. सुरी, चमचा आणि दोन हात, एवढीच सामग्री.

चौथ्या पिढीतल्या किम पेरेस यानं या जुळवण्यांना नाव मिळवून दिलं. पणजोबांच्या काळची बोदेगा त्यानं मोडली नाही, पॉश केली नाही. भिंतीवरच्या बाटल्या शोभेच्या नाहीत. हव्या त्या बाटलीकडे बोट दाखवायचं, ती खाली उतरते आणि उघडली जाते. कोणत्या मोन्तादितोबरोबर काय घ्यावं, हे विचारलं तर मनापासून सांगितलं जातं.

गर्दीचंही एक शिस्तबद्ध गणित आहे. टेबलाची धार मिळाली तर ताटली तिथे, नाहीतर पेला डाव्या हातात आणि मोन्तादितो उजव्या. अनोळखी माणूस तुमच्या खांद्यावरून ताटली पुढे सरकवतो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. खुर्च्या असत्या तर इथे मूठभर माणसं तासभर बसली असती. उभ्यानं खाण्यामुळे तेवढ्याच जागेत दिवसभरात कितीतरी माणसं खाऊन जातात, आणि पुन्हा पुन्हा मागवल्यामुळे प्रत्येक पाव ताजाच हातात पडतो. खुर्च्यांची एक रांग जरी मांडली, तरी ही सगळी घडी विस्कटेल.

शाकाहारी मराठी माणसानंही बिचकू नये. चीज, आर्टिचोक, पिकियो मिरची, उन्हात वाळवलेला टोमॅटो, ऑलिव्ह यांची जुळवणी काउंटरवर मागता येते. मात्र सांगताना मासा आणि मांस दोन्ही नको असं स्पष्ट सांगावं, कारण अँचोव्ही कुठेही डोकावते. प्रत्येक नगाचे पैसे वेगळे असल्यानं हिशेब हातात ठेवून मागवावं.

बार्सिलोनात वास्तुविशारद गौदीची कामं पाहायला जाणाऱ्या प्रत्येकानं यादीत हे दुकानही लिहून घ्यावं. दुपार आणि संध्याकाळ यांच्या मध्ये ते बंद असतं, तेव्हा वेळ आणि सुट्टीचे वार आधी पाहावेत आणि दार उघडायच्या आधीच रांगेत उभं राहावं. एकदम दहा पदार्थ मागवू नका. एक मागवा, संपवा, मग पुढचा. आणि पोट भरलं की जागा सोडा, कारण दाराबाहेर पुढचा माणूस वाट पाहत असतो.