मॅक्रोतील पुनरावर्तनाची अट

शाळेचा पट एक्सेलमध्ये ठेवणाऱ्या शिक्षकबंधुभगिनींना मॅक्रोचा मोठा उपयोग होतो. त्यातील लूप, म्हणजे पुनरावर्तन, एकच कृती ओळीमागून ओळ करीत जाते. ते कोठे थांबावे, हे अटीवर अवलंबून असते.

समजा, नावांच्या रकान्यात सेल रिकामा असेल किंवा त्यात ‘एकूण’ हा शब्द असेल, तर थांबावयाचे आहे. ‘डू अन्टिल’ ही आज्ञा थांबण्याची अट घेते. तेथे दोन्ही भाग ‘ऑर’ने जोडावेत. ‘डू व्हाइल’ला मात्र चालू राहण्याची अट लागते. तेथे ‘रिकामा नसेल किंवा एकूण नसेल’ असे लिहिणे चुकीचे होय. कोणताही सेल एकाच वेळी रिकामा आणि ‘एकूण’ असू शकत नाही. त्यामुळे ही अट सदैव खरी ठरते आणि मॅक्रो तक्त्याच्या १०,४८,५७६ ओळींपलीकडे जाऊ पाहतो. नकार करताना ‘किंवा’चे ‘आणि’ होते; म्हणून येथे ‘अँड’ लिहावे. मदुराई येथे १८०६ साली जन्मलेले गणिती ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो.

आणखी एक सावधगिरी बाळगावी. मध्येच एखादी ओळ मोकळी राहिल्यास मॅक्रो तेथेच थांबतो, पुढील मुले मोजली जात नाहीत आणि तशी सूचनाही मिळत नाही. शिष्यवृत्तीच्या यादीतून नाव गळाले, तर त्याची झळ मुलाला बसते. यास्तव थांबण्याची अट प्रथम मराठीत लिहावी, नंतर तिचा नकार करावा आणि मिळालेली संख्या हजेरीपटाशी ताडून पाहावी.