रांगेचे गणित

सहलीहून परतताना जळगाव जवळ आल्यावर बसमधील मुलांना विचारले, "काय रे, किती खेळ खेळलात?" सातवीतली एक मुलगी म्हणाली, "चार, सर. पण रांगा पाहिल्या पोटभर!" सगळे हसले. मला मात्र हसू आले नाही. फैजपूरहून रात्रभर प्रवास करून सुमारे साडेचारशे किलोमीटरवरच्या मनोरंजन उद्यानात आम्ही गेलो होतो. त्या मुलीच्या आईने केळीच्या बागेतील मजुरीतून सहलीची वर्गणी भरली होती. त्या पैशात मुलीला मिळाले चार खेळ आणि पाच तासांचे उभे राहणे.

चूक उद्यानाची नव्हती, आमची होती. दहाला दार उघडले तेव्हा आम्ही तिथेच होतो. नंतर हजेरी, नाश्ता, सूचना आणि फोटो यांत पावणेदोन तास गेले. बाराच्या सुमारास आम्ही सर्वांत लोकप्रिय खेळापुढे उभे राहिलो. या दोन तासांची किंमत किती, हे समजण्यासाठी रांगेचे गणित पाहू. ते पाचवी-सहावीच्या भागाकारापलीकडे फारसे जात नाही.

लांबी नव्हे, वेग

रांग लांब दिसली की आपण म्हणतो, "इथे खूप वेळ लागेल." हे नेहमीच खरे नसते. समजा, एका पाळण्यात २० जण बसतात. चढणे, फेरी आणि उतरणे मिळून ३ मिनिटे लागतात. म्हणजे तासाला २० फेऱ्या आणि ४०० माणसे. पुढे २०० जण असतील तर आपला नंबर अर्ध्या तासाने लागेल. शेजारच्या खेळात नावा एकामागून एक सुटत असतात आणि तासाला १,२०० माणसे बसतात. तिथे ३०० जणांची रांग आहे, तरी नंबर १५ मिनिटांतच लागतो. रांग दीडपट लांब, पण वेळ निम्मा!

जॉन लिटल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये हे नाते सर्वसाधारण स्वरूपात सिद्ध केले. सोप्या शब्दांत ते असे :

रांगेतील सरासरी माणसे = दर तासाला येऊन पुढे जाणारी माणसे × सरासरी थांबण्याचे तास

म्हणून रांगेजवळ गेल्यावर दोन गोष्टी मोजाव्यात : पुढे किती माणसे आहेत आणि पाच मिनिटांत किती आत जातात. बाकीचे काम भागाकार करतो.

बाराची गर्दी, तीनपर्यंत रांग

तोच तासाला ४०० माणसांचा पाळणा घेऊ. दिवसभरात येणाऱ्यांची संख्या अशी धरू :

१० ते ११ : आले ३००, अखेरीस रांगेत कोणी नाही
११ ते १२ : आले ६००, रांगेत २००, थांबणे ३० मिनिटे
१२ ते १ : आले ६००, रांगेत ४००, थांबणे ६० मिनिटे
१ ते २ : आले ४००, रांगेत ४००, थांबणे ६० मिनिटे
२ ते ३ : आले ४००, रांगेत ४००, थांबणे ६० मिनिटे
३ ते ४ : आले ३००, रांगेत ३००, थांबणे ४५ मिनिटे
४ ते ५ : आले २००, रांगेत १००, थांबणे १५ मिनिटे

एक ते तीन या वेळात जितके आले तितकेच खेळून गेले, तरी रांग तसूभर कमी झाली नाही. अकरा ते एकमध्ये जी ४०० माणसे जास्त झाली, त्यांचा भार मागून येणारा प्रत्येक जण वाहत राहिला. पाण्याच्या हौदाचेही असेच असते. भरलेल्या हौदात जितके पाणी येते तितकेच बाहेर गेले, तर पातळी उतरत नाही. ती उतरायला आवक जावकीपेक्षा कमी व्हावी लागते.

यावरून सहलीचा पहिला नियम निघतो : सर्वांत लोकप्रिय खेळ दार उघडताच किंवा दिवस उतरताना. दुपारी मोठ्या क्षमतेचे खेळ, प्रयोग, जेवण.

एका सेकंदाची किंमत

रांगेत राहण्याचा अनुभव मराठी माणसाला मनोरंजन उद्यानांच्या कितीतरी आधीपासून आहे. आषाढीला पंढरपूरची दर्शनबारी गोपाळपूरपर्यंत जाते. समजा, विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवायला प्रत्येकाला सरासरी २ सेकंद लागतात. तासाला १,८०० जणांचे दर्शन होईल. पुढे २०,००० वारकरी असतील तर सुमारे ११ तास लागतील. हेच दर्शन ३ सेकंदांचे झाले, तर तासाला १,२०० जण होतील आणि त्याच वारकऱ्याला जवळजवळ १७ तास उभे राहावे लागेल. पुढच्या प्रत्येकाने घेतलेला एकच सेकंद मागच्याचे साडेपाच तास घेतो! मुखदर्शनाची वेगळी रांग का लवकर सरकते, हेही यातून कळते. तिथे पायांपाशी थांबायचे नसते.

पाळण्यातही हेच घडते. २० पैकी ४ जागा रिकाम्या राहिल्या, तर तासाला ४०० ऐवजी ३२० माणसे खेळतात. आपले तीन मित्र एकत्रच बसण्याचा हट्ट धरतात आणि दोन-दोनच्या बाकावर एक जागा वाया जाते. म्हणून मुलांचे गट समसंख्येचे करावेत आणि चष्मे, टोप्या रांगेतच काढून ठेवायला सांगावे.

पुरेशी सोय असूनही रांग का?

कधी कधी येणारी माणसे क्षमतेहून कमी असतात, तरी रांग लागते. याचे कारण माणसे घड्याळ लावून येत नाहीत. कधी पाच जण एकदम येतात, कधी पाच मिनिटे कोणी फिरकत नाही. रिकामी गेलेली पाच मिनिटे पुढे साठवून वापरता येत नाहीत. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या अर्लांग या डॅनिश गणितज्ञाने फोनच्या तारांबाबत हाच प्रश्न सोडवायला घेतला. १९०९ साली त्याचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला आणि रांगांच्या शास्त्राचा पाया घातला गेला.

एक तिकीट खिडकी आहे. माणसे कशीही येतात आणि प्रत्येकाला लागणारा वेळही कमीजास्त होतो. खिडकी निम्मा वेळ कामात असेल, तर तिथे सरासरी १ माणूस असतो. ८० टक्के वेळ कामात असेल तर ४, ९० टक्के असेल तर ९ आणि ९५ टक्के असेल तर १९! कामाचा भार थोडाच वाढतो, रांग मात्र भराभर वाढते. म्हणून सुट्टीचा रविवार टाळून मधला वार निवडला, तर अपेक्षेपेक्षा बराच जास्त फायदा होतो.

पुढे जाण्याची चिठ्ठी

डिस्ने उद्यानांनी १९९९ मध्ये 'फास्टपास' आणला. ठरावीक वेळेची चिठ्ठी घ्यायची, तोवर इतरत्र फिरायचे आणि मग वेगळ्या दाराने आत जायचे. ही मोफत पद्धत २०२१ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी पैसे देऊन घ्यायच्या सोयी आल्या. चिठ्ठीमुळे पाय वाचतात, पण पाळण्याच्या जागा वाढत नाहीत. तासाला ४०० म्हणजे ४००च. त्यांतील २०० चिठ्ठीवाल्यांना दिल्या, तर साध्या रांगेचा वेग निम्मा होतो. एकाचा वाचलेला वेळ दुसऱ्याच्या खात्यावर चढतो. हे न्याय्य आहे का, यावर नववी-दहावीच्या वर्गात चांगली चर्चा होऊ शकेल.

शाळेत करून पाहा

यासाठी उद्यानात जायलाच हवे असे नाही. शाळेतील पिण्याच्या पाण्याचे नळ घ्या. समजा नळ ४ आहेत आणि एका मुलाला सरासरी १५ सेकंद लागतात. म्हणजे मिनिटाला १६ मुले, आणि दहा मिनिटांच्या छोट्या सुट्टीत १६०. शाळेत ३२० मुले असतील, तर निम्म्यांना पाणी न पिताच वर्गात परतावे लागते. अशा वेळी मागे राहतात ती बहुधा लहान आणि बुजरी मुले.

मुलांचे दोन गट करा. एकाने घड्याळ लावून प्रत्येकाला लागणारा वेळ मोजावा, दुसऱ्याने दर मिनिटाला रांगेतील डोकी मोजावीत. आलेख काढा. मग उपाय मुलांनाच सुचवू द्या : नळ वाढवायचे, की वर्गांच्या सुट्ट्या दहा मिनिटांनी मागेपुढे करायच्या? दुसऱ्या उपायाला एक पैसाही लागत नाही. तो अमलात आणून पुन्हा मोजा.

आणि पुढच्या सहलीचे वेळापत्रक याच मुलांना आखायला द्या. आम्ही तसेच ठरवले आहे. हजेरी आणि नाश्ता या वेळी दार उघडण्यापूर्वी होणार आहे.