राळ गेली, रेझिन आलं

न्हावा शेवा म्हटलं की कंटेनर आठवतात. २६ मे १९८९ रोजी इथलं बंदर सुरू झालं आणि खाडीकाठच्या या गावांचं नाव जगभरच्या कागदपत्रांवर गेलं. पण याच उरण तालुक्यात मोरा आहे, करंजा आहे, आणि तिथल्या कोळ्याला काळजी होडीच्या बुडाची. पूर्वी फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून वर राळ-तेल लावत. आता पॉलिस्टर रेझिन आणि काचेची मॅट. राळ झाडाची, रेझिन कारखान्याचं. काम तेच, पाणी बाहेर ठेवायचं.

गोम आहे वेळेची. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. होड्या शाकारल्या की डागडुजी निघते, म्हणजे रेझिनला न मानवणाऱ्या नेमक्या त्या दमट हवेत. ओल धरलेली मॅट रेझिन नीट पीत नाही, थर पांढुरका पडतो. मॅटचं बंडल प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घरात ठेवणारा कारागीर मी शहाणा मानतो.

दुकानात पॉलिस्टर रेझिनची दोन नावं कानावर येतात: जीपी आणि आयसो. जीपी स्वस्त, केबिनच्या टपाला ते चालतं. कायम खाऱ्या पाण्यात बसणाऱ्या बुडाला आयसोच हवं, कारण जीपीत पाणी मुरत जातं आणि काही वर्षांनी अंगावर फोड येतात. इथली काटकसर मला पटत नाही. जुन्या लाकडावर थर चढवायचा तर आणखी एक मेख. पॉलिस्टर लाकडाला, त्यातही तेलकट सागाला, घट्ट धरत नाही. तिथे इपॉक्सी बरं. सुटलेल्या थराआड पाणी शिरलं, की होडी वरून धडधाकट आणि आत फळी कुजलेली.

किलोभर पॉलिस्टर रेझिनला ते घट्ट करणारा हार्डनर १० ते २० ग्रॅम, तोही तोलून. अंदाजपंचे ओतला तर उन्हात डबा हातातच तापून गोठतो; कमी पडला तर थर चिकटच राहतो. घट्ट होण्याला वेग देणारा कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण घोळवायचा, मग हार्डनर. हे दोघे थेट भेटले तर भडका उडतो. हार्डनरच्या एका थेंबाने डोळा जाऊ शकतो, तेव्हा चष्मा हवाच. ४५० ग्रॅमच्या मॅटला चौरस मीटरमागे साधारण किलोभर रेझिन पुरे; ताकद काचेची असते, जादा रेझिनने थर फक्त ठिसूळ होतो.

आणि घेताना डब्यावरची तारीख वाचा. बंद डबा सावलीत ठेवला तरी तीन ते सहा महिनेच टिकतो.